ताण या संकल्पनेची वाटचाल : भार, देह, मन आणि अधिकार

१

शास्त्रीय संज्ञेचा इतिहास पुष्कळदा त्या शास्त्रातील शोधांचा इतिहास म्हणूनच लिहिला जातो. परंतु काही संज्ञा अशा असतात की, त्यांच्या अर्थातील संदिग्धता हाच त्यांच्या इतिहासाचा मुख्य विषय ठरतो. इंग्रजीतील ‘स्ट्रेस’ ही संज्ञा अशांपैकी एक होय. गेल्या शतकात ती अभियांत्रिकीतून शरीरक्रियाविज्ञानात, तेथून मानसशास्त्रात आणि अखेरीस सर्वसामान्यांच्या बोलण्यात आली. या प्रवासात तिचे रूप तेच राहिले. तिने दर्शविलेली वस्तू मात्र निदान चार वेळा बदलली.

मराठीने या संज्ञेसाठी ‘ताण’ हा शब्द स्वीकारला. हा शब्द ‘ताणणे’ या क्रियापदाच्या कुळातील असून त्याचे मूळ संस्कृत ‘तन्’ या धातूत आहे. इंग्रजीत पदार्थविज्ञान, ध्वनिविचार आणि मानसशास्त्र या तिन्ही क्षेत्रांत ‘स्ट्रेस’ हा एकच शब्द चालतो. मराठीत मात्र पहिल्यासाठी ‘प्रतिबल’, दुसऱ्यासाठी ‘आघात’ आणि तिसऱ्यासाठी ‘ताण’ असे तीन शब्द रूढ आहेत. त्यामुळे इंग्रजी वाचकापुढे या संज्ञेमागे पुलाची तुळई उभी राहते, तर मराठी वाचकापुढे ओढून धरलेली दोरी. हा भेद वरवर लहान वाटला तरी पुढील विवेचनाच्या दृष्टीने उपयुक्त आहे, कारण दोरी आपोआप ताणली जात नाही; तिचे टोक कोणाच्या तरी हाती असते.

याहून अधिक बोधप्रद अशी गोष्ट म्हणजे या शब्दाबरोबर येणारी क्रियापदे. कामाचा ताण ‘पडतो’. मनावर ताण ‘येतो’. मनुष्य ताण ‘घेतो’. आणि एक मनुष्य दुसऱ्याला ताण ‘देतो’. पहिल्या प्रयोगात माणूस हे केवळ ताणाचे अधिकरण असते. त्याच्यावर काहीतरी बाहेरून कोसळते. दुसऱ्यात ताण ही त्याला येणारी अवस्था असते. तिसऱ्या प्रयोगात, जो ‘टेन्शन घेऊ नकोस’ या रूपाने आज घरोघरी ऐकू येतो, माणूस स्वतःच कर्ता ठरतो. चौथ्यात कर्ता दुसराच कोणी असून ताण भोगणारा संप्रदानाच्या जागी असतो. ताणाविषयीच्या शास्त्रीय विचाराचा इतिहास पाहिला असता तो याच चार प्रयोगांमधून गेलेला दिसतो. आणि ताणाचे कर्तृत्व कोणाकडे आहे, हा प्रश्न केवळ व्याकरणाचा राहत नाही. ताणामुळे जडलेल्या आजाराची जबाबदारी कोणावर टाकावयाची, याचा निर्णय त्यावर अवलंबून असतो.

२

‘स्ट्रेस’ हा शब्द मध्ययुगीन इंग्रजीत हालअपेष्टा, संकट, सक्ती अशा अर्थांनी वापरला जात होता. त्याचे नाते घट्ट आवळणे या अर्थाच्या लॅटिन धातूशी आहे. म्हणजे माणसाच्या दुःखासाठीच हा शब्द प्रथम योजला गेला होता. सतराव्या शतकात रॉबर्ट हुक याने ताणलेल्या स्प्रिंगचा अभ्यास करून बल व वाढ यांचे प्रमाण सांगितले. त्याचा यासंबंधीचा ग्रंथ १६७८ साली प्रसिद्ध झाला. एकोणिसाव्या शतकात लोखंडी पूल, आगगाडीचे रूळ आणि बाष्पपात्रे यांच्या गरजेतून या विषयाला निश्चित परिभाषा लाभली. पदार्थाच्या आत, दर एकक क्षेत्रावर कार्य करणारे बल म्हणजे ‘स्ट्रेस’ आणि त्यामुळे पदार्थाच्या आकारात पडणारा फरक म्हणजे ‘स्ट्रेन’, असा भेद अभियंत्यांनी केला. कारण आणि परिणाम यांना दोन वेगळी नावे देणारी ही परिभाषा काटेकोर होती. पुढे वैद्यकाने ती उसनी घेतली तेव्हा नेमका हाच भेद हरवला.

शरीराकडे या दृष्टीने पाहण्याची भूमी फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिक क्लोद बेर्नार याने तयार केली. बाह्य परिस्थिती बदलत असताही शरीरांतर्गत द्रवांची स्थिती स्थिर राहणे हीच मुक्त जीवनाची अट होय, हे त्याचे प्रतिपादन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. हार्वर्ड येथील वॉल्टर कॅनन याने ते पुढे नेले. एक्स-किरणांचा शोध नुकताच लागला असता कॅननने मांजरांच्या जठराच्या हालचाली पाहण्यासाठी त्यांचा उपयोग केला. मांजर घाबरले किंवा चिडले की जठराची हालचाल थांबते, असे त्याच्या ध्यानात आले. ज्या गोष्टीने प्रयोगात व्यत्यय येत होता तिलाच त्याने पुढे आपल्या अभ्यासाचा विषय केले. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने वेदना, भूक, भीती आणि क्रोध यांमुळे शरीरात होणारे बदल एकत्र मांडले. अधिवृक्क ग्रंथीच्या गाभ्यातून स्राव सुटतो, हृदयाची गती वाढते, रक्तात साखर उतरते, पचन थांबते आणि प्राणी लढण्यास किंवा पळण्यास सिद्ध होतो. १९२६ साली त्याने शरीराच्या या स्वयंनियमनाला ‘होमिओस्टॅसिस’, म्हणजे समस्थिती, असे नाव दिले.

१९३५ सालच्या एका निबंधात कॅननने समस्थितीवर येणाऱ्या ‘स्ट्रेस’चा आणि तिच्यात उत्पन्न होणाऱ्या ‘स्ट्रेन’चा विचार केला आणि अभियंत्याप्रमाणे शरीराची सहनमर्यादा मोजता येईल काय, असा प्रश्न घातला. थंडी, रक्तस्राव किंवा प्राणवायूची उणीव किती वाढली असता समस्थिती मोडते, हे पाहण्याचा तो उपक्रम होता. ताण ‘पडतो’, हा पहिला प्रयोग येथे पूर्णत्वास गेलेला दिसतो. भार बाहेर आहे, देह तुळईप्रमाणे आहे, आणि प्रश्न तुळई किती भार सोसते एवढाच आहे.

३

या विचाराला निराळे वळण देणारा संशोधक म्हणजे हान्स सेल्ये. १९०७ साली व्हिएन्ना येथे जन्मलेला सेल्ये प्राग येथे वैद्यक शिकत असताना एका साध्या गोष्टीने चकित झाला. निरनिराळ्या संसर्गजन्य रोगांचे रुग्ण विद्यार्थ्यांपुढे आणले जात. अध्यापक त्यांच्यातील विशेष लक्षणे दाखवीत. परंतु भूक मंदावणे, वजन घटणे, अंग मोडून येणे आणि चेहऱ्यावरची कळा जाणे ही लक्षणे सर्वांनाच समान होती, आणि त्यांविषयी कोणी बोलत नसे. पुढे कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात काम करीत असता तो उंदरांना बीजकोशाचे अर्क टोचून नव्या संप्रेरकाचा शोध घेत होता. उंदरांत तीन बदल आढळले : अधिवृक्क ग्रंथींचे बाह्यावरण वाढले, थायमस ग्रंथी व लसीकापिंड आकसले, आणि जठरात व पक्वाशयात व्रण पडले. परंतु नुसते फॉर्मॅलीन टोचले तरी हेच तीन बदल दिसू लागले. थंडी, शस्त्रक्रियेची जखम, अतिश्रम, विषारी द्रव्य यांपैकी काहीही कारण असले तरी देहाचे उत्तर एकच होते.

४ जुलै १९३६ रोजी ‘नेचर’ या नियतकालिकात सेल्येचे एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले. त्याच्या शीर्षकात ‘स्ट्रेस’ हा शब्द नाही. तेथे विविध अपायकारक कारकांनी उत्पन्न होणाऱ्या लक्षणसमूहाचा उल्लेख आहे. या लक्षणसमूहाच्या त्याने तीन अवस्था कल्पिल्या : धोक्याची सूचना, प्रतिकार आणि शक्तिपात. १९४० नंतरच्या दशकात त्याने ‘स्ट्रेस’ हीच संज्ञा पक्की केली, १९५० साली त्याच नावाचा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला आणि १९५६ साली सर्वसामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या पुस्तकाने तिला जगभर नेले. फ्रेंच आणि जर्मन भाषांनी तर हा शब्द भाषांतर न करता जसाच्या तसा घेतला.

परंतु सेल्येने हा शब्द अभियंत्यांच्या उलट अर्थाने वापरला होता. त्याच्या लेखनात ‘स्ट्रेस’ म्हणजे बाह्य भार नव्हे, तर त्या भाराला देहाने दिलेले उत्तर होय. बाह्य कारणासाठी त्याला ‘स्ट्रेसर’ असा नवा शब्द घडवावा लागला. परिणामासाठी ‘स्ट्रेन’ हाच शब्द योग्य ठरला असता आणि आपल्या इंग्रजीच्या अपुऱ्या जाणिवेमुळे ही चूक झाली, अशी कबुली त्याने उत्तरायुष्यात दिली. ही चूक केवळ एका परभाषिकाची भाषिक चूक म्हणून सोडून देता येत नाही. एकाच शब्दाने कारणही सुचवावे आणि परिणामही, अशी स्थिती झाल्याने ‘ताणामुळे आजार होतो’ या विधानात ताण कोठे आहे हे सांगणे कठीण झाले. ताण ‘पडतो’ आणि ताण ‘येतो’ हे दोन प्रयोग या ठिकाणी एकमेकांत मिसळून गेले.

४

प्रयोगशाळेबाहेर या संकल्पनेला चालना दिली ती युद्धांनी. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, चार्ल्स मायर्स याने ‘शेल शॉक’ ही संज्ञा वैद्यकीय वाङ्मयात आणली. स्फोटाच्या हादऱ्याने मज्जासंस्थेला इजा होते अशी कल्पना तिच्यामागे होती. परंतु स्फोटाच्या जवळ न गेलेल्या सैनिकांतही तीच लक्षणे आढळू लागताच ती डळमळीत झाली. दुसऱ्या महायुद्धात रॉय ग्रिंकर आणि जॉन स्पीगेल यांनी अमेरिकन वैमानिकांचा अभ्यास करून १९४५ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्याच्या नावातच ‘स्ट्रेस’ हा शब्द होता. धडधाकट व निवडून घेतलेले तरुणही पुरेसा काळ संकटात राहिले तर खचतात, ही गोष्ट त्यातून स्पष्ट झाली. खचणे म्हणजे भ्याडपणा, ही जुनी समजूत त्यामुळे ढिली पडली.

शांततेच्या काळातील ताण मोजण्याचा प्रसिद्ध प्रयत्न टॉमस होम्स आणि रिचर्ड रे यांनी १९६७ साली केला. त्यांच्या मापनपट्टीत आयुष्यातील ४३ घटना असून प्रत्येकीला गुण दिलेले आहेत. जोडीदाराच्या मृत्यूला १००, घटस्फोटाला ७३, विवाहाला ५०, सुटीला १३ आणि कायद्याच्या किरकोळ उल्लंघनाला ११. सुखद घटनाही या यादीत आहेत, कारण बदलाशी जुळवून घ्यावे लागणे हाच येथे ताण मानला आहे. तथापि या पट्टीची मर्यादाही तिच्या रचनेतच आहे. एकीचा विवाह आणि दुसरीचा विवाह यांना सारखेच गुण मिळतात, मग पहिलीने तो स्वतः ठरविलेला असो आणि दुसरीवर तो लादलेला असो.

ही उणीव दोन दिशांनी उघड झाली. पहिली दिशा शरीरक्रियाविज्ञानाचीच होती. जॉन मेसन याने माकडांवर प्रयोग करून सेल्येच्या मूळ गृहीतावरच बोट ठेवले. उपाशी ठेवलेल्या माकडांत अधिवृक्क ग्रंथीचा प्रतिसाद दिसतो खरा. पण शेजारची माकडे खात असताना आपल्याला मिळत नाही, या जाणिवेचा त्यात भाग किती? मेसनने उपाशी माकडांना वेगळे ठेवले आणि पोषणमूल्य नसलेल्या, परंतु चवीच्या गोळ्या खाऊ घातल्या. तेव्हा तो प्रतिसाद जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे देहाचे जे उत्तर सर्व कारकांना समान वाटत होते, ते बऱ्याच अंशी त्या सर्व प्रसंगी असलेल्या भयाला किंवा अस्वस्थतेला दिलेले उत्तर होते.

दुसरी दिशा रिचर्ड लाझारस याची. त्याने १९६० नंतरच्या दशकात प्रेक्षकांना एका वेदनादायक धार्मिक संस्काराचा मूक चित्रपट दाखविला आणि त्याला निरनिराळे निवेदन जोडले. एका निवेदनात वेदनेवर भर होता, दुसऱ्यात ती नाकारली होती, तिसऱ्यात मानवशास्त्रज्ञाच्या अलिप्ततेने वर्णन केले होते. पडद्यावरील दृश्ये तीच असताही प्रेक्षकांच्या देहातील क्षोभ निवेदनानुसार कमीअधिक झाला. १९६६ सालच्या ग्रंथात आणि पुढे १९८४ साली सुझन फोकमन हिच्यासह लिहिलेल्या ग्रंथात लाझारसने सिद्धान्त मांडला, तो असा : ताण हा प्रसंगात नसतो आणि केवळ देहातही नसतो, या प्रसंगात आपले काय पणाला लागले आहे आणि त्याला तोंड देण्यास आपल्यापाशी काय आहे, या दुहेरी मूल्यनातून तो उत्पन्न होतो.

या सिद्धान्तात व्यक्ती आणि परिस्थिती हे दोन्ही पक्ष होते. परंतु लोकप्रिय वाङ्मयात त्यातील पहिलाच पक्ष उरला. विचार बदला म्हणजे ताण जाईल, असा सोपा उपदेश त्यातून काढण्यात आला. ताण ‘घेणे’ हा तिसरा प्रयोग याच अर्धवट वाचनाचे फळ होय.

५

संज्ञेच्या संदिग्धतेचा उपयोग कोणाला होतो, याचे एक उदाहरण या इतिहासातच उपलब्ध आहे. अमेरिकेतील तंबाखू कंपन्यांचे अंतर्गत कागदपत्र न्यायालयीन लढ्यांमुळे १९९० नंतरच्या दशकात सार्वजनिक झाले. त्यांचा अभ्यास करून मार्क पेटिक्र्यू आणि केली ली यांनी २०११ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यावरून असे दिसते की, सेल्येला तंबाखू उद्योगाने पोसलेल्या संशोधनमंडळाकडून १९६९ पासून प्रतिवर्षी ५०,००० डॉलर याप्रमाणे तीन वर्षांचे अनुदान मिळाले. त्याच वर्षी कॅनडाच्या संसदीय समितीपुढे त्याने धूम्रपानावरील निर्बंधांच्या विरुद्ध साक्ष दिली. हृदयविकाराचे मूळ ताणात आहे आणि धूम्रपान हे ताण हलका करण्याचे एक साधन आहे, हा युक्तिवाद उद्योगाला दोन्ही बाजूंनी सोयीचा होता.

हीच गोष्ट मायर फ्रीडमन आणि रे रोझेनमन यांच्या ‘अ’ प्रकारच्या स्वभावासंबंधी सांगता येते. सदैव घाईत असणारा, स्पर्धाळू आणि चटकन चिडणारा पुरुष हृदयविकाराला अधिक बळी पडतो, असे त्यांनी १९५९ साली मांडले. कॅलिफोर्नियातील ३,१५४ पुरुषांच्या साडेआठ वर्षांच्या पाहणीत या प्रकारच्या पुरुषांत हृदयविकाराचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. परंतु १९८८ साली त्याच पाहणीतील हृदयरोग्यांचा पुढचा इतिहास तपासला असता या स्वभावाचे रुग्ण उलट कमी प्रमाणात दगावले, असे दिसून आले. नंतरच्या संशोधनात या प्रकारातील वैरभाव एवढाच भाग काहीसा टिकला. या विषयाच्या संशोधनालाही तंबाखू उद्योगाचे द्रव्य मिळत होते, हे २०१२ साली उघड झाले.

अनुदान घेतल्याने उंदरांच्या ग्रंथींवरील निरीक्षणे खोटी ठरत नाहीत, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. प्रश्न निरीक्षणांचा नसून शब्दाचा आहे. ‘ताण’ या शब्दातून कर्ता वगळला गेला की, आजाराचे कारण सिगारेटमध्ये न शोधता ओढणाऱ्याच्या स्वभावात शोधता येते.

६

ताणाचा आणि अधिकाराचा संबंध काय, हा प्रश्न प्रथम माकडांच्या निमित्ताने पुढे आला. जोसेफ ब्रेडी याने १९५८ साली वर्णन केलेल्या प्रयोगात माकडांच्या जोड्या होत्या. दोघांनाही विजेचा धक्का एकाच वेळी बसे, परंतु दांडी दाबून तो टाळण्याची सोय एकालाच होती. ज्याच्यावर ही जबाबदारी होती त्या ‘अधिकारी’ माकडांना जठरव्रण होऊन ती मेली. मोठ्या पदावरील माणसेच ताणाने झिजतात, या समजुतीला या प्रयोगाने शास्त्राची मुद्रा दिली. परंतु त्यात एक दोष होता. अधिकाराची जागा चिठ्ठ्या टाकून दिलेली नव्हती. जी माकडे आरंभीच दांडी अधिक वेगाने दाबीत तीच त्या जागी बसविली गेली होती. १९६८ पासून जे वाइस याने उंदरांवर अधिक काटेकोर प्रयोग केले तेव्हा निष्कर्ष उलट आला. धक्के सारखेच असताना ज्याला ते टाळता येत त्या उंदराला व्रण कमी पडले. ज्याच्या हाती काहीच नव्हते त्याला अधिक. धक्क्यापूर्वी सूचना मिळाली तरी हानी कमी होई.

माणसांच्या बाबतीत हा प्रश्न लंडनमधील सरकारी नोकरांच्या पाहणीने सोडविला. १९६७ साली सुरू झालेल्या पहिल्या व्हाइटहॉल पाहणीत सुमारे १७,५०० पुरुष होते. हे सर्व कार्यालयीन नोकरीतील होते; त्यांच्यात कोणी निराधार नव्हता. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीत, म्हणजे निरोपे, पहारेकरी इत्यादींत, हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण वरिष्ठ प्रशासकांच्या तिपटीहून अधिक निघाले. विशेष म्हणजे ही केवळ वरच्या आणि खालच्या टोकांतील दरी नव्हती. प्रत्येक पायरीगणिक प्रमाण वाढत गेले होते. धूम्रपान, रक्तदाब इत्यादी कारणे हिशेबात घेतल्यानंतरही अंतराचा बराच भाग उरला. मायकेल मार्मट याने १९८५ साली सुरू केलेल्या दुसऱ्या पाहणीत १०,३०८ स्त्री-पुरुष होते. १९९७ साली तिच्या आधारे असे दाखविण्यात आले की, आपले काम कसे आणि केव्हा करावे यावर ज्यांचा ताबा कमी, त्यांच्यात हृदयविकाराचा संभव अधिक. ‘अधिकारी’ माकडाच्या कथेला याहून स्पष्ट उत्तर मिळणे कठीण होते.

ताणाने देहाची हानी होते ही गोष्ट अन्य प्रयोगांनीही दृढ केली आहे. शेल्डन कोहेन आणि त्याचे सहकारी यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ३९४ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडले होते. ज्यांच्यावरील ताण जितका अधिक, तितका त्यांना संसर्ग होण्याचा संभव अधिक आढळला. १९९५ साली जॅनिस कीकोल्ट-ग्लेसर हिने स्मृतिभ्रंश झालेल्या आप्तांची शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रियांच्या हातावर बारीक जखम करून पाहिली. ती भरून येण्यास त्यांना इतर स्त्रियांपेक्षा सरासरी नऊ दिवस अधिक लागले. ब्रूस मॅक्यूअन याने १९९३ साली या झिजेचे स्वरूप स्पष्ट केले. धोक्याच्या वेळी सुटणारे स्राव तारकच असतात. परंतु धोका सरूनही ते सुटतच राहिले, किंवा धोका सरतच नसला, तर तेच स्राव रक्तवाहिन्यांना आणि मेंदूला मारक ठरतात. कॅननच्या मांजराला पळून जाता येत होते. कर्जाचा हप्ता किंवा वरिष्ठाची लहर यांपासून तसे पळून जाता येत नाही.

येथे एक सावधगिरीही आवश्यक आहे. अनेक दशके जठरव्रण हा ताणजन्य आजाराचा नमुना मानला गेला. १९८२ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी त्यामागील जिवाणू वेगळा केला. या कार्याबद्दल त्यांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. व्रणाच्या रुग्णांना दीर्घकाळ शांत राहण्याचा उपदेश केला जात होता. त्यांतील पुष्कळांना प्रतिजैविकाची गरज होती. कारण ठाऊक नसलेल्या आजाराला ताणाचे नाव देणे हाही रोग्यावर दोष ठेवण्याचाच एक प्रकार होऊ शकतो.

७

ताणाला तोंड देण्याच्या मार्गांचे लाझारस आणि फोकमन यांनी दोन वर्ग केले : प्रसंगच बदलण्याचा यत्न करणे, आणि प्रसंगाने उठलेली भावना आवरणे. जेथे काही करता येण्याजोगे असते तेथे पहिला मार्ग उपकारक होतो. जेथे काहीच हाती नसते तेथे दुसरा. दुसऱ्या मार्गाची साधने जगभर जुनी आहेत. १९२४ साली स्वामी कुवलयानंद यांनी लोणावळे येथे कैवल्यधाम स्थापन करून योगाभ्यासाचे शारीरिक परिणाम उपकरणांनी तपासण्यास आरंभ केला, तेव्हा सेल्येचे ‘नेचर’मधील टिपण अद्याप प्रसिद्धही झालेले नव्हते. १९७९ साली जॉन कबात-झिन याने मॅसॅच्युसेट्समधील वैद्यकीय विद्यापीठात बौद्ध ध्यानपद्धतीवर आधारलेला ताण-निवारणाचा पाठ सुरू केला आणि त्यानंतर ही साधने रुग्णालयांत व कचेऱ्यांत मान्य झाली. त्यांचा उपयोग नाकारण्याचे कारण नाही. मात्र काम देणाऱ्या संस्थेनेच कामाचे तास न घटविता ध्यानाचा वर्ग भरविला, तर पहिल्या मार्गाची जागा दुसऱ्याने घेतली, असे म्हणावे लागते.

सुखाविषयीच्या संशोधनाचा इतिहासही याच वळणाने गेला आहे. फिलिप ब्रिकमन आणि सहकारी यांनी १९७८ साली सोडत लागलेल्या २२ भाग्यवंतांची तुलना इतरांशी केली. ते इतरांहून विशेष सुखी नव्हते. उलट रोजच्या साध्या गोष्टींत त्यांना कमी आनंद वाटत होता. यावरून सुखदुःखाची पातळी ज्याची त्याची ठरलेली असते आणि मनुष्य कशालाही सरावतो, असा समज पसरला. परंतु जर्मनीतील २४,००० हून अधिक लोकांच्या पंधरा वर्षांच्या नोंदींवरून २००४ साली असे दाखविण्यात आले की, बेकारीचा अनुभव आलेली माणसे पुन्हा काम मिळाल्यावरही पूर्वीच्या समाधानाला सरासरीने पोहोचत नाहीत. सर्वच गोष्टींना मनुष्य सरावत नाही.

फोकमन हिच्या एका अनुभवाचा या संदर्भात उल्लेख केला पाहिजे. १९९० नंतरच्या दशकात सॅन फ्रॅन्सिस्को येथे ती एड्सने मरणासन्न झालेल्या पुरुषांची सेवा करणाऱ्या त्यांच्या जोडीदारांच्या मुलाखती घेत होती. तुम्ही आम्हाला केवळ दुःखाबद्दलच का विचारता, अशी तक्रार त्या लोकांनीच केली. त्यांना चांगल्या क्षणांविषयी विचारू लागताच प्रायः प्रत्येकाने काहीतरी सांगितले : रांधलेले जेवण आवडीने खाल्ले गेले, मित्र भेटून गेला, एक रात्र शांत झोप लागली. सुख हे ताणाच्या अभावी येते असे नव्हे. ते ताणाच्या शेजारीच वास करू शकते. परंतु ते जेथे होते तेथे त्या माणसांच्या हाती काहीतरी करण्याजोगे उरले होते, आणि ज्याच्यासाठी करावयाचे तो माणूस त्यांना प्रिय होता, हे विसरता येत नाही.

८

मराठी शेतकऱ्यांच्या बोलीत ‘ताण देणे’ हा प्रयोग शास्त्राच्या आधीपासून पारिभाषिक काटेकोरपणाने चालत आला आहे. संत्रा, मोसंबी किंवा डाळिंब यांचा बहार धरावयाचा असला म्हणजे बागाईतदार बागेचे पाणी तोडतो. यालाच बाग ताणावर सोडणे असे म्हणतात. झाडाची वाढ थांबते, पाने काहीशी मलूल होतात आणि अन्नसंचय होतो. योग्य वेळी पाणी दिले की झाड फुलावर येते. हे पहिले पाणी देण्याला ताण तोडणे असे म्हणतात. ताण किती दिवस द्यावयाचा हे जमिनीवर अवलंबून असते : हलक्या जमिनीत थोडे दिवस, भारी जमिनीत अधिक. तो लांबला तर बहार तर येत नाहीच, पण झाडही हातचे जाते.

या प्रयोगात ताणाविषयीच्या शतकभराच्या संशोधनाचे सार आले आहे. ताण स्वतः वाईट नाही. अल्पकाळाचा ताण फळ देतो. प्रत्येकाची सोसण्याची शक्ती त्याच्या पायाखालच्या जमिनीनुसार वेगळी असते. ताणाला शेवट असावा लागतो. आणि मुख्य गोष्ट अशी की, येथे कर्ता लपलेला नाही. झाडाने ताण ‘घेतला’ असे कोणी बागाईतदार म्हणत नाही. झाड वाळले तर तो झाडाचा स्वभाव तपासीत बसत नाही, आपण पाणी केव्हा सोडले याचा हिशेब करतो.

मनुष्य झाडाप्रमाणे जागी खिळलेला नाही, म्हणून त्याच्या मूल्यनाला आणि प्रयत्नाला निश्चितच स्थान आहे; लाझारसचे ऋण तेवढ्यापुरते मान्य केलेच पाहिजे. परंतु व्हाइटहॉलच्या निरोप्याला मन शांत ठेवण्याचा उपदेश करून त्याचा अधिकार वाढत नाही. ताणाविषयी लिहिणाऱ्याने आणि बोलणाऱ्याने पडणे, येणे, घेणे आणि देणे यांपैकी कोणते क्रियापद आपण वापरीत आहोत, हे प्रत्येक वेळी पारखून घेणे इष्ट होय. ज्या वाक्यात कर्ता सापडत नाही, त्या वाक्यातील आजाराचा भार बहुधा आजाऱ्याच्याच माथी येतो.